सुतकातली मुलाखत

६ नोव्हें., गुरुवार
कॉलेजच्या ग्रुपवर नावं आली. बुटीबोरीच्या कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू, सोमवारी. माझं नाव आहे. बाबा गेले रविवारी. म्हणजे सोमवारी सुतकातच जावं लागणार.
मोठे काका म्हणाले, "सुतकात कुठं चालला गा? कोणाले शिवता येत नाही, नमस्कार करता येत नाही. लोकायले काय तोंड दाखवशीन?"
आई आतून म्हणाली, "जाऊ द्या न भाऊजी. त्याच्या बाबानं शिकवलं ते काय घरी बसवाले?"
काका उठून बाहेर जाऊन बसले.
नागपुरातली ही एकच. नाही मिळाली तर पुण्याच्या कंपनीने घेतलंय तिथे, जानेवारीपासून सहा महिने, आणि बेसाच्या या घरात आई एकटी. ती म्हणते, जाय, मी काय लहान आहो? पण...

८ नोव्हें.
रोशन आला. वर्गातला तज्ज्ञ. उन्हाळ्यात दोन कंपन्यांनी नाकारलं, तिसरीने घेतलं, तेव्हापासून सगळ्यांना सल्ले देतो. पोर्चमध्येच लांब बसला.
"ते इंग्रजीतलं पाठ केलेलं फेकून दे बे. 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग' ऐकून ऐकून पकले ते लोक. प्रोजेक्टमधलं तुझं काम कोणतं, ते सांग. नाही येत तर नाही येत म्हण. गोल गोल फिरवू नको."
चहा नको म्हणाला. उठला आणि 'येतो' न म्हणता गेला. सुतकाच्या घरातून निघताना कोणी म्हणत नाही. तरी पाठमोरा बघून कसंतरी झालं.
संध्याकाळी आईने इंटरव्ह्यू घेतला.
"पंपाच्या त्या प्रोजेक्टात तू काय केलं अन् बाकी पोट्ट्यायनं काय केलं?"
"वायरिंग मी केलं."
"अन् त्यायनं?"
"फोटो काढले."
आई हसली. रविवारनंतर पहिल्यांदा. मग लगेच पदर लावला तोंडाला, बाहेर काका होते.

१० नोव्हें.
इंट. झाला.
एक पिकल्या केसांचे सर, एक एचआरच्या मॅडम. मी आत गेलो तसे सर उठले, हात पुढे केला. मी हात मागे घेतला. ठरवून नाही. आठवडाभर कोणाला शिवलो नाही, हात आपोआप मागे गेला. सरांचा हात क्षणभर तसाच. मग त्यांनी टेबलावरचा पेन उचलला.
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.
प्रोजेक्टबद्दल नीट बोललो. एक प्रश्न आला नाही, नाही येत म्हणालो. त्याचं काही वाटलं नसावं त्यांना. मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण? म्हणालो, आई आणि मी. पुढे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निघताना सर उठले नाहीत.
रो. चा फोन. ऐकून ओरडलाच. "पागल झाला काय बे? आत्ता फोन कर, सांग बाबा गेले म्हणून."
नाही म्हणालो. बाबांच्या नावावर कीव करून घेतलं तर तिथे रोज कोणत्या तोंडाने जाऊ.

११ नोव्हें.
दहावा. मुंडण झालं. दिवसभर माणसं. काही लिहावंसं नाही.

१२ नोव्हें.
आईने विचारलं, काय झालं तिथं. सांगितलं. कीव वगैरेही सांगितलं.
तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तुह्यं तू पाय. पण त्या माणसानं हात पुढे केला, तो तसाच राहिला. त्याले काय वाटलं असन? काहून असं केलं, त्याले कळाले नको काय?"
मी हा सगळा वेळ माझाच विचार करत होतो.

१५ नोव्हें.
तेरवी काल झाली. काका गावी गेले. आज सरांना मेल केला. चार ओळी. वडील वारले, घरी सुतक होतं, म्हणून हात मागे गेला, अपमान करायचा नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'याचा निवडीशी काही संबंध नाही.' ते खोडलं. खोटं होतं.

१८ नोव्हें.
उत्तर नाही.

१९ नोव्हें.
मॅडमचा फोन. शुक्रवारी दुसरी फेरी, कारखान्यात, सरांसोबत. मेलचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

२१ नोव्हें., शुक्रवार
गेटवर हेल्मेट दिलं. गुळगुळीत डोक्यावर ते नुसतं फिरत होतं. सर म्हणाले, "पट्टा आवळ." बास. डोक्याकडे एकदा पाहिलं.
मोटरचं एक पॅनल समोर. मोटर चालू होत नव्हती. बिघाड शोधायचा होता. मी मीटर घेऊन गुपचूप तपासायला लागलो.
"मनात नको. बोल. काय बघतोस, का बघतोस. गप्प माणसाला मी मार्क कसे देऊ?"
बोललो. आधी अडखळत. इथे सप्लाय येतो, इथे आहे, इथपर्यंत ठीक, पुढे नाही. इतकं सलग मी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो. रिलेची एक वायर सैल निघाली. आवळली. मोटर फिरली, पण पूर्ण वेग घेईना.
सर म्हणाले, "बिघाड दोन आहेत."
दुसरा सापडेना. म्हणालो, वेग कधी वाढवायचा ते टायमर ठरवतो, तोच बदलून बघतो.
"बदलायचं नंतर. आधी मोजायचं."
मोजत होतो, वेळ संपली. शेवटी, काही विचारायचंय का? विचारलं, दुसरा बिघाड कुठे आहे?
सर पहिल्यांदा हसले. "निवड झाली तर येऊन स्वतः शोध. नाही झाली तर फोन कर, सांगतो." नंबर दिला.

२४ नोव्हें.
कंपनीकडून काही नाही. पुण्याला हो की नाही, उद्या कळवायचं आहे.
जेवणाच्या टेबलावर त्या पॅनलचं चित्र काढलं. आईला समजावत होतो, मोठ्याने. तिला काही कळत नव्हतं, तरी विचारत होती, "मंग याच्या आधी काय हाय?" दोन जागांची शंका आहे. खात्री नाही.
आई म्हणाली, "कर न त्यायले फोन. काहून बसून राहिला?"
निवड नाही झाली तर फोन कर, असं सर म्हणाले होते. मी फोन करायचा म्हणजे नाही झाली हे मीच ठरवायचं.
नाही केला. पुण्याला 'हो' लिहून ठेवलं आहे मोबाईलमध्ये. पाठवलं नाही.