जळक्या मोटरची तार

प्रिय हेमराज,

अक्षर पाहून हसू नकोस. शाळेत तरी माझं कुठे चांगलं होतं? फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, असं तुझी शकीलाभाभी चार दिवसांपासून म्हणते आहे. पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. का, ते शेवटी लिहितो. आधी शेवटचं पान उघडू नकोस, तुझी ती खोड मला चांगली ठाऊक आहे.

इथे पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली आहे आणि अख्खं नंदुरबार शिंकतं आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत लकव्याने माझी उजवी बाजू गेली. तू पुरुषोत्तमनगरहून कारखान्यातली पाळी टाकून आलास, माझ्या खाटेशी बसलास. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे खाटेवरून मला माझं वाइंडिंगचं मशीन दिवसभर दिसायचं आणि जीव नकोसा व्हायचा. मी डाव्या हाताने तिकडे बोट केलं आणि म्हणालो, "भंगारमा दी टाक." तू वाद घातला नाहीस. "मी लई जास," एवढंच म्हणालास आणि मशीन पोत्यात गुंडाळून घेऊन गेलास. त्या दिवशी मला तुझा राग आला होता, आज लिहायला हरकत नाही. मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील.

तीस वर्षं तांब्याच्या तारेचे वेढे घालून मोटारी भरल्या, हेमराज. माझ्या हातून भरलेली मोटर कोरीटच्या कुठल्या विहिरीवर चालते आहे, ते मी बांधावरून नुसत्या आवाजावर सांगायचो. आणि दवाखान्यातल्या पोरीने काय सांगावं, तर काका, हा रबरी चेंडू दाबत बसा. मी दोन दिवस दाबला आणि खाटेखाली ढकलून दिला. हाताला काम हवं होतं, खेळणं नको होतं. पण हे कुणाला समजावणार, जीभसुद्धा तेव्हा धड वळत नव्हती.

जूनमध्ये आमच्या अलमासने रस्त्यावरच्या नर्सरीतून फायकसचं एक रोप आणलं. काळ्या पिशवीतलं, वीतभर, बारीक पानांचं. म्हणाली, अब्बू, याचं बोन्साय करू. मला अपमान वाटला. म्हातारा कामाचा राहिला नाही, लावा त्याला झाडाला पाणी घालायला! मी तोंड फिरवून पडलो. तिने मोबाइलवर बघत बघत पिशवी फाडली, गोल गोल फिरलेली मुळं सोडवली, खालचं जाड मूळ कापलं. कुंभाराकडून भोकं पाडलेली उथळ परळ आणली होती, तीत विटांचा चुरा, वाळू आणि शेणखत घालून रोप बसवलं. पंधरा दिवसांनी नवी पानं फुटली आणि मग ती म्हणाली, आता याला वळण द्यायला तांब्याची तार लागेल. मी खाटेवर उठून बसलो.

तार! दुकानात जळक्या मोटरींची तार पडलेली होतीच. जळलेलं तांबं मऊ होतं, हवं तसं वळतं, हे त्या मोबाइलवाल्याला काय माहीत असणार? अलमासने परळ धरली आणि मी डाव्या हाताने खोडाला तार भरली. भरलीच म्हणतो, कारण वेढ्याला वेढा चिकटवून, मध्ये केस जाणार नाही अशी. अलमास म्हणाली, "अब्बू, ये मोटर नहीं है. थोड़ी जगह छोड़ो." मी ऐकलं नाही. सैल वेढा माझ्या हातून आजवर गेला नव्हता, तो काय एका झाडासाठी जाणार?

पावसाळ्यात फायकस फोफावलं. खोड फुगलं आणि तार सालीत रुतली. मी रोज त्याच्याकडे कौतुकाने बघत बसायचो, पण बघत होतो ती तार. गणपतीच्या सुमारास अलमासने दाखवलं तेव्हा कुठे ते मला दिसलं. तरी जुनी सवय जात नाही, सलग तार तोडायला आपला हात धजत नाही. उलटी सोडवायला ओढली तशी बाजूची एक फांदी कट्‌कन मोडली आणि पांढरा चीक गळायला लागला. फार वाईट वाटलं. आता डाव्या हाताने खोड घट्ट धरलं, अलमासला म्हटलं कटर दे, आणि एकेक वेढा तोडत गेलो. तुकडे मांडीवर पडत होते. शेवटचा वेढा तुटला, कटर खाली ठेवायला गेलो तर बोटं उघडेनात. तेव्हा खाली बघितलं. कटर उजव्या हातात होता. दारात शकीला ओढणीने तोंड दाबून उभी होती.

झाड जगलं. खोडावर गोल गोल वळ राहिले आहेत. अलमास म्हणते शेवाळ लावून झाकू, मी लावू देत नाही. येईल त्याला मुद्दाम दाखवतो. मोडलेली फांदी मातीत खोचली होती, तिलाही मुळं फुटली. ती तुझी. तिला तार मीच लावीन, मध्ये जागा सोडून.

आता ऐक. मागच्या आठवड्यात कोरीटचा भूपेंद्र जळलेला टेबलफॅन घेऊन आला, माझा हात पाहून दुसरीकडे नेतो म्हणाला. मी म्हटलं, ठेव. मशीन नाही, म्हणून लाकडी ठोकळ्यावर हातानेच वेढे घेतले. पूर्वी सकाळी घेतला असता तर जेवणापर्यंत फिरवला असता, त्याला तीन दिवस लागले. पण फॅन फिरला, हेमराज. मी डोळे मिटून आवाज ऐकला. खरखर नाही, थरथर नाही. माझंच काम होतं ते.

हे पत्र मी चार दिवस लिहितो आहे, उजव्या हाताने. फोनवर तुला हे दिसलं नसतं. ते मशीन तू भंगारात दिलं नसणार, महिन्याच्या महिन्याला त्याला तेल देत असशील, हे मला कुणी सांगायची गरज नाही. रविवारी ये. पोत्यातलं मशीन घेऊन ये. टेबलावरची त्याची जागा मी पुसून ठेवली आहे.

तुझाच, पुन्हा मोटारी भरणारा,
वहाब