मंगळाच्या पदाविषयी पुंजाराम मापारी याची शेवटची ताकीद

मी पुंजाराम वल्द सहदेव, अमरावतीच्या कापूसबाजारातला मापारी, वय अदमासे साठ. पाय गेले, डोके शाबूत आहे. कोणाचा धाक नाही, नशापाणी नाही. राजीखुशीने लिहून ठेवतो ते असे.

राहते घर व अकोल्याच्या वाटेवरचे शेत मुलगा शेषराव याचे. नालायक निघाला, पण मुलगा आहे. तराजू व वजने शेजारच्या वाहेद पिंजाऱ्यास. त्याने मापात कधी लबाडी केली नाही.

आता मुख्य गोष्ट. दक्षिणेकडचे गवई व्यंकटय्या, ज्यांना आम्ही अय्या म्हणत असू, पलटणीबरोबर आले, तापाने माझ्या ओसरीवर पडले आणि तीन वर्षे राहिले. त्यांनी मला नऊ ग्रहांची नऊ पदे दिली. संस्कृत मला अर्धे कळते, सूर पुरते कळतात. त्यांचा नेम असा: ज्या ग्रहाला वार आहे त्याचे पद त्याच वारी म्हणावे, आणि ग्रहाकडे शांती तेवढी मागावी.

हा नेम माझ्याच घरात मोडला. अडत्या खुशालराव मला म्हणाला, "बुवा, तिकडं अमेरिकेत लढाई हाय, तिकडचा कापूस विलायतेले जात नाही, म्हणून आपल्या कापसाचं सोनं होऊन राहिलं. मंगळ लढाईचा धनी. त्याचं पद रोज म्हना, अजून दोन सालं पेटू द्या."

मी म्हटले, "काहून खुशालराव, तिकडच्या बायांले लेकरं नाहीत काय?"

तो हसला. शेषरावाने मात्र त्याच्या दुकानात बसून सात आठवडे रोज ते पद म्हटले आणि हातात खुशालरावाने दिलेले सोन्याचे कडे घालून घरी आला. वर मलाच सांगतो, "बाबा, पदच त हाय! त्यानं कोनाले गोळी लागते काय?"

लागत नसेल. पण मागितले काय? माणसे मरू देत, हे मागितले! अय्यांनी विझवायला पाणी दिले, यांनी त्यात तेल कालवले!

म्हणून अय्या माझ्याकडे ठेवून गेले ती वीणा व नऊही पदे शेषरावाची बायको जमुना हिची. चूल फुंकता फुंकता ऐकून शिकली, पण नवऱ्याच्या चौपट सुरात आहे. तिला गाण्यापासून त्याने अडवले, तर घर त्याचे नाही, तिचे. मंगळवारी मंगळाचे पद तिने म्हणावेच; त्या बिचाऱ्या ग्रहाचा काय दोष?

शेषरावाने मला खांदा द्यावा. रडू आले तर रडावे. वाटेने गाऊ नये.

हस्ताक्षर खुद्द: पुंजाराम सहदेव मापारी
साक्षी: नत्थुजी सुतार, अब्दुल सत्तार रंगारी
मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर