पावडर हे औषध नव्हे

५ ऑगस्ट, मंगळवार
एकादशी. डाळ-कडधान्ये वर्ज्य, म्हणजे तेजश्रीने नेमून दिलेली प्रथिने आज कशी भरून काढावीत, हा प्रश्न. निर्णय असा : चक्का टांगला की खाली निथळते त्या पाण्याचीच भुकटी म्हणजे व्हे. दूध चालते, तर तीही चालावी. क्रिएटिन ही ताकदीसाठी घ्यायची दुसरी भुकटी; ती धान्य नव्हे, कांदा-लसूण नव्हे. निषेध आढळत नाही. सबब दोन्ही दुप्पट. पाणी उपवासाला कमीच जाते, तसे गेले.
जिममध्ये तेजश्री म्हणाली, "आजी, तुमचा विठोबा पण वजनं मारतो काय?" पिंपळगावची मुलगी, शिकवते चोख, बोलते सैल. आज बारा किलो उचलले.
उद्या रक्ततपासणी. मार्चमध्ये न्हाणीघरात पडल्यापासून मुलाचा, मकरंदचा, एकच धोशा : नाशिकचे घर बंद कर, पुण्याला ये. तोड मीच काढली. गणपतीपर्यंत डॉक्टरांनी प्रकृतीचा निर्वाळा दिला तर येथेच राहीन, न दिला तर जाईन. शब्द दिला आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
अहवाल. क्रिएटिनिन १.६. मूत्रपिंडाचे काम या आकड्यावरून जोखतात, तो वाढलेला.
म.चा फोन : "किडनी आहे ती, आई! ते डबे फेक आणि बॅग भर."
"एका आकड्यावरून?"
"माझ्याशी वाद नको घालूस. मी तुझा विद्यार्थी नाही."
वस्तुतः होता. एक वर्ष, तर्कशास्त्राच्या वर्गात, मागच्या बाकावर.

८ ऑगस्ट, शुक्रवार
डॉक्टरांकडे. त्यांनी विचारले, काही औषधे चालू आहेत का. नाही म्हटले. व्यायाम बंद, प्रथिने कमी, सोनोग्राफी करून घ्या. निर्वाळा अर्थातच नाही.
परतताना तीन मजले कठडा न धरता चढले. हे कोणत्या अहवालात येते?

११ ऑगस्ट, सोमवार
सोनोग्राफीत दोष नाही. त्याने सिद्ध काहीच होत नाही.
तेजश्री घरी येऊन गेली. "पावडरनं काय होत नाय, आजी. मी किती वर्षं घेतेय, बघा की." एकच उदाहरण, तेही स्वतःचे आणि पंचविशीतले. अग्राह्य. पण चहा घेताना तिचा चेहरा उतरलेला होता. शिकवणाऱ्याला लागते तसे लागले आहे तिला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
पहाटे सुचले. अग्नी तेथे धूर, हे सरसकट खरे नाही. लाकूड ओले हवे. ती ओल ही उपाधी, म्हणजे अनुमानात न धरलेली अट. तसेच येथे. क्रिएटिन पोटात गेले की शरीरात त्याचेच क्रिएटिनिन होते. मूत्रपिंड निरोगी असूनही आकडा चढू शकतो. त्यात दुप्पट मात्रा, बारा किलो, कोरडा उपवास, आणि दुसऱ्याच सकाळी रक्त.
सावध. निष्कर्ष मला हवा तोच निघतो आहे. म्हणून हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, दुप्पट कठोरपणे तपासावा. चढू शकतो, म्हणजे त्यामुळेच चढला असे नव्हे.
डॉक्टरांना फोन.
"काकू, मी विचारलं होतं ना तुम्हाला?"
"आपण औषध विचारलेत. पावडर हे औषध नव्हे. डब्यावर आहारपूरक असे छापले आहे."
"काकू, तुम्ही कोर्टात नव्हता उभ्या. मला सगळं सांगायचं असतं."
दोन्ही पावडरी बंद, पाणी भरपूर, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. "तुमचं बरोबर निघेलच असं नाही हं." मान्य.

२० ऑगस्ट, बुधवार
मूग, ताक, थोडे पनीर. हलका व्यायाम तेवढा चालू. रात्री पाय वळतात. हे मूत्रपिंडाचे लक्षण की भयाचे, ते ठरवता येत नाही. म.ला सांगावे, तर…

२६ ऑगस्ट, मंगळवार
रक्त दिले. सुई टोचणाऱ्या मुलीला, तिने विचारण्याआधीच, सर्व काही सांगितले, उपवासासह. ती म्हणाली, "आजी, मला फक्त नाव पाहिजे."

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. म. सकाळीच आला. जेवणानंतर मी उपाधी समजावून सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकले.
म्हटले, "अहवाल येण्याआधी ठरवू. आकडा उतरला तर तू काय मानशील?"
"काही नाही. आई, आकडा कितीही येऊ दे."
"मग अट कशाला मान्य केलीस?"
"तू हरशील असं वाटलं म्हणून." हसला नाही. "तू पडशील याची भीती नाही मला. पडलीस तर सांगणार नाहीस, याची आहे. मार्चमध्ये तू आठवड्यानं बोललीस. तेही मी विचारलं म्हणून. आणि डॉक्टरांना तरी कुठे सांगितलंस?"
खंडन शोधले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.
चारच्या सुमारास प्रयोगशाळेचा संदेश आला. फोन त्याच्या हातात. "उघडू?"
"थांब," म्हटले. "आधी मला तुझ्या बोलण्याचे उत्तर द्यायचे आहे."
तो थांबला. फोन पालथा ठेवून आरतीची तयारी करू लागला. आता सहा वाजत आले. उत्तर अजून दिलेले नाही.