तांबडीचे खूर कोण कोरतं?

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (दिवसभर घोड्यांपुढे वाकून कंबर आता तशीच राहिली आहे, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढउतार कमी कर असं सांगणार होतो, पण तू कुणाचं ऐकलंस तर तुला आत्या कोण म्हणेल! इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या सूनबाई तेवढ्या मला नाक दाबून जेवायला वाढतात. तापलेला नाल खुराला टेकवला की जो धूर निघतो ना, त्याचा वास म्हणे माझ्या उशीलाही येतो.

आतोबा गेल्यावर त्यांची नालबंदाची जागा तू शब्द टाकून मला मिळवून दिलीस, त्यांचं कातडी ॲप्रन आणि हत्यारं दिलीस, हे उपकार मी विसरलेलो नाही. लोकांना वाटतं, नाल ठोकला की काम संपलं. पण तू जन्मभर ऐकलंयस, तुला काय सांगायचं! रोज खूर उचला, आकडीने घाण कोरा, मधली मऊ गादी सडत नाही ना बघा, वास घ्या (हो, वाकून नाकाने), वाढलेली कड कानशीने घासा, ओल्या गवतावर जनावर उभं राहू देऊ नका. एवढं करूनही घोडे मला जावयासारखं वागवायचे, म्हणजे तोंडदेखला मान आणि पाठ फिरली की लाथ. त्यात तांबडी घोडी सगळ्यांत खट. पाय उचलायला गेलो की अख्खं अंग माझ्यावर टाकून डोळे मिटायची.

मग एक गंमत सुरू झाली. मी जेवून परत यावं, तर तांबडीचे चारही खूर आरशासारखे स्वच्छ, वर तेलाचा हात फिरवलेला. मला वाटलं, खरारा करता करता मोतद्दाराने केलं. तबेल्याच्या मालकीणबाईंनी कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घालून हसलो, आणि शेजारी मोतद्दारही तस्साच हसला. त्या गेल्यावर तो म्हणाला, "तुमचा हात आता बसला बरं का." मी म्हटलं, "माझा? मला वाटलं तुमचा!" त्याने उचललेली बादली परत खाली ठेवली. नंतर त्याने विषय बदलला. मीही त्याला बदलू दिला.

दरम्यान तांबडी पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी खांदा दाबला, गुडघा दाबला, माझ्याकडे संशयाने बघितलं आणि विश्रांती सांगितली. विश्रांतीने लंगडणं वाढलं. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "उभ्या जनावराला किती दिवस पोसायचं?" तिला न्यायला गाडी सांगितली गेली. ती गाडी कुठे नेते हे तुला माहीत आहे, मला लिहवत नाही.

गाडी यायची त्या दुपारी मला डबा गोड लागेना. तांबडीच्या खणासमोर पिंपावर बसलो होतो. लख्ख ऊन आत आलं होतं, गवताची काडीन् काडी दिसत होती. तांबडीने कान टवकारले आणि तो दुखरा पाय अलगद वर उचलला. उचलला असं म्हणतो खरा, पण जनावर स्वतः पाय उचलतं तेव्हा तो लोंबतो. हा लोंबत नव्हता. कुणाच्या तरी मांडीवर ठेवावा तसा तिरका, निवांत टेकला होता, आणि खाली मांडी नव्हती. मग कोरण्याचा आवाज आला. खर्र, खर्र. खुरातून मातीचा भुगा पडू लागला, एकाच जागेवरून, बाहेरच्या कडेजवळून. आणि मग, आत्या, माझं काम बघून आतोबा करायचे ना, जिभेने, तसं अगदी स्पष्ट आलं: "च्च!"

मोतद्दार माझ्यामागे कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नाही. कधी गेला तेही कळलं नाही, फक्त बादली गडगडत राहिली होती.

मी आत शिरलो. खूर हातात घेतला, तर त्याला वजनच नाही! दुसऱ्या कुणीतरी धरलाय आणि मी नुसता हात लावलाय, असं. खणात हवा गार होती. भुगा पडत होता तिथे मी सुरी लावली, जरा खोल कोरलं, आणि काळा, घाणेरडा पू चिळकांडी उडवून बाहेर आला. आत एक खडा रुतला होता, मसुराएवढा. तांबडीने एवढा लांब सुस्कारा सोडला की मीही सोडला. आमच्या दोघांशिवाय तिसऱ्या कुणीतरीही सोडला.

कोमट मिठाच्या पाण्यात खूर शेकला, पट्टी बांधली. गाडी आली तेव्हा तांबडी बाहेर अंगणात चार पायांवर उभी होती. गाडी रिकामी परत गेली. मालकीणबाईंनी डॉक्टरांच्या विश्रांतीची तारीफ केली, डॉक्टरांनीही ती मोठ्या मनाने घेतली. मी रिकाम्या खणात जाऊन हात जोडले. उत्तर आलं, "च्च!"

आता तांबडी दुडक्या चालीने फिरते, पट्टीही सुटली. मला काम उरलेलं नाही. घोडे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, आपापल्या खणात पाय उचलून वाट बघत उभे असतात. परवा फाटकाशी एक गाढव पाय वर करून उभं राहिलं, त्याचा धनी ओढून ओढून घामाघूम झाला. बाकी क्षेम. प्रकृतीला जप, औषधं वेळेवर घे.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. आतोबांना कामावरून उठवणं तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. तू दारात येऊन "जेवायचंय की नाही?" म्हणालीस की हातातली कानस खाली पडायची. एकदा येऊन तेवढं म्हणशील का? माणसाने आता विसावायला हवं, गं.

ता. क. दुसरा : तशी घाई नाही. मालकीणबाईंनी एक नवा घोडा घेतला आहे, तो फार लाथाळ आहे. त्याचे नाल झाले की ये.

ता. क. तिसरा : नाल राहू देत. हे मी हत्यारांच्या खोलीत स्टुलावर बसून लिहितो आहे, आणि आत्ताच माझा डावा पाय वर उचलला गेला आहे. चप्पल काढून बाजूला नीट ठेवली गेली. दुखत नाही, पण गुदगुल्या होतात, आणि टाचेच्या भेगा बघून दोनदा "च्च" झालं आहे. कानशीचा आवाज येतो आहे. मिळेल त्या गाडीने निघ.