टोपी काढून पाळण्यात

खामगाव, रविवार, १३ जानेवारी १९३५
जत्रेत पाळणा लागला आहे. तसाच लाकडी, चार खोक्यांचा, माणसांनी हातानं फिरवायचा. लग्नाच्या वर्षी ही नि मी अशाच पाळण्यात बसलो होतो. त्या दिवशी हिनं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली — भीतीनं! आज म्हणाली, "अजून एकदा बसाचं आहे."

सोमवार, १४. संक्रांत
गेलो. पाळणेवाला पंजाबराव टोपलं घेऊन उभा. "ढिलं काही वर जाणार नाही. टोपी, छत्री, अडकित्ता, सारं इथं." गेल्या साली वरून कुणाचा अडकित्ता पडला, खाली जिलबीवाल्याचं कपाळ फुटलं. तेव्हापासून हा नेम. छत्री दिली, जोडे दिले. टोपी नाही. जन्मभर मास्तरकी केली. गावासमोर बोडक्यानं बसू? सुतक आहे काय?
"माझी घट्ट आहे," म्हणालो.
"वाऱ्याले काय समजते बाप्पा, मास्तरची हाय म्हणून?"
लोक हसले. मी बाजूला झालो. ही पदर खोचून एकटीच बसली.
उतरली ती बोलतच. कापसाच्या बैलबंड्या, सरकी काढायच्या जिनाचा धूर, जळंबची आगगाडी, जिनामागं चिंचांची रांग. घर येईतो थांबली नाही. किती वर्षांनी असं बोलली.

मंगळवार, १५
ही म्हणते, "चला ना उद्या. टोपीचं काय एवढं?"

बुधवार, १६
टोपी दिली टोपल्यात. कुणी पाहिलंसुद्धा नाही. डोक्याला गार वारा लागला नि बरं वाटलं. वर गेल्यावर ही सारखी विचारी, "आता काय दिसते?" मी सांगत सुटलो — बंड्या, बैल, तिळगुळाची दुकानं, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेलं लाल लुगडं. हसत होती. चिंचा मात्र दिसेनात. तिथं टिनाचं गोदाम, तेही गंजलेलं, चांगलं जुनं.
"चिंचा कुठं आहेत गं?"
हिनं पाळण्याचा दांडा घट्ट धरला. घरी आल्यावर थेट चुलीकडं गेली.

गुरुवार, १७
सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मले दिवाळीपासून लांबचं दिसत नाही. सारं धुकं. सोमवारी तुम्हाले लग्नाच्या वर्षी पाहिलेलंच सांगितलं."
मी विचारलं, "मग काल पुन्हा कशाले आलीस?"
"तुम्ही पाहून सांगसान म्हणून."