खानवेलच्या घाटासाठी इंजिन

३ नोव्हेंबर १९९१

जीपचं इंजिन उतरलं! चेनपुली आंब्याच्या फांदीला बांधली होती, फांदी करकरली पण टिकली. आता ते अंगणात मधोमध बसलंय. आई म्हणाली, "परवा दिवाळी, आणि दारात हे मढं!"

ही जीप बाबांचीच म्हणायची. आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते तेव्हा वर्षानुवर्षं हीच चालवली. रिटायर झाल्यावर लिलावात तीच घेऊन आले. जुनं पेट्रोल इंजिन. खानवेलच्या पुढे दुधनीच्या चढावर पाच माणसं बसली की पहिल्या गिअरमध्येही दम सोडतं. पूर्वी पेशंटच्या नातेवाइकांना उतरवून चालवत न्यावं लागायचं. आता बाबांना त्याच रस्त्यावर भाड्याने सवाऱ्या न्यायच्या आहेत.

मी म्हटलं, नुसतं बोअर करून, सिलिंडर रुंद करून भागणार नाही. स्ट्रोक वाढवू, पिस्टनची धावच लांब करू. बाबा म्हणाले, "म्हणजे क्रँकला हात लावायचा?" हो. पिस्टन वरखाली करणाऱ्या त्या दांड्यालाच.

१० नोव्हेंबर

नरोलीला वाल्मिकदादांकडे गेलो. क्रँक ग्राइंडिंगचं दुकान, मूळचे अमळनेरचे. त्यांना समजावलं — क्रँकच्या पिनांवर एका बाजूने वेल्डिंगची भर घालायची आणि केंद्र बाहेर सरकवून घासायच्या. पिन तीन मिलिमीटर बाहेर गेली की पिस्टन वर तीन, खाली तीन जास्त चालतो. म्हणजे ओढ वाढली!

बाबा लगेच, "मग चार करा."

"काका, चारमा पिन तुटी जाई. मग मनंच नाव निंघी."

बाबा ऐकेनात. शेवटी मीच सांगितलं, तीन. 

१ डिसेंबर

जुने पिस्टन आता चालणार नाहीत, वर हेडला, इंजिनाच्या झाकणाला भिडतील. वापीत दुसऱ्या गाडीचे मिळाले — पिनचं भोक वरच्या अंगाला असलेले. थोडे जाड आहेत, त्या मापाने ब्लॉक बोअर करून घेतला. गलोंड्याच्या कंपनीत दिवसभर पार्ट तपासते तेच रविवारी घरी! मायक्रोमीटर मी धरते. बाबा रिंगांच्या खाचांतून बोट फिरवतात आणि म्हणतात, "आकडा तू वाच."

८ डिसेंबर

काही नाही. ओव्हरटाइम.

२२ डिसेंबर

क्रँक आला, नुसता बसवून बघितला. स्ट्रोक वाढला की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आत ब्लॉकला घासू शकतो, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून आईकडून कणकेचा गोळा आणला, रॉडच्या वाटेवर चिकटवला.

"पोळ्यांचं पीठ आहे ते, गौरी!"

पण मग पदर खोचून तीच आली आणि हँडल फिरवायला लागली! बाबा बघतच राहिले. तीन नंबरच्या रॉडखाली कणीक पापडाएवढी पातळ निघाली. तिथे ब्लॉक घासायला हवा. फार घासला तर पाण्याच्या वाटेला भोक पडेल. जपून घासला. 

१२ जानेवारी १९९२

सुरू झालं! आणि लगेच — ठक. ठक. ठक.

बाबांनी बंद केलं. मी ओरडले. म्हटलं, तुमची सारखी घाई, उद्या लावू म्हटलं तरी आजच लावा. बाबा म्हणाले, "घाई आहेच मला," आणि हात धुवायला गेले. त्यांच्याशी असं बोलायला नको होतं. पण तो आवाज! सगळं परत उघडायचं.

१९ जानेवारी

दोन नंबरची पिन बारीक घासली गेली आहे, बेअरिंग सैल. वाल्मिकदादांना निरोप धाडला, ते स्वतः आले. पिन मोजली, परत मोजली. "मनी चूक शे, ताई." क्रँक खांद्यावर टाकून घेऊन गेले. आईने केलेला चहा तसाच राहिला.

९ फेब्रुवारी

सुरू. आवाज नाही! बाबा बॉनेटला कान लावून कितीतरी वेळ उभे. मी आणि आई एकमेकींकडे बघून हसत होतो.

१६ फेब्रुवारी

राखोलीला नदीकाठी गाडी चालवायला शिकते आहे. नवं इंजिन हळूहळूच पळवायचं असतं, त्यामुळे बरंच झालं. क्लच सोडताना अजून धक्का बसतो. बाबा चिडत नाहीत. याचंच आश्चर्य!

१ मार्च

दुधनीला गेलो. मी, आई, बाबा, वाल्मिकदादा, त्यांच्या बायको कोंडाबाई, शिवाय मागे तांदळाची दोन पोती. मला वाटलं घाटात तरी बाबा स्टिअरिंग घेतील. "तू चालव. मला आवाज ऐकायचाय."

मोठा चढ आला. दुसऱ्या गिअरमध्ये होते. 

"बाबा, पहिला टाकू?"

"नको. ऐक. ओढतंय."

ओढत होतं! जड पण न अडखळता. वळण घेतलं, अजून चढ, तरी ओढतंच होतं. कोंडाबाई ओरडल्या, "माय वं! चढनी ना गाडी!" माथ्यावर थांबलो तेव्हा वाल्मिकदादा उतरले आणि सगळ्यात आधी इंजिनाखाली वाकून तेल गळतंय का ते बघितलं. कोरडं. मग मात्र बाबांना मिठीच मारली.

माझे खांदे दुखतायत. असं दुखणं रोज चालेल.

४ मार्च

बाबा परवा म्हणाले, वलसाडला डोळे दाखवायचेत, रजा टाक. आज जीप मीच चालवत नेली. डॉक्टरांनी त्यांना नावाने हाक मारली. काचबिंदू. उजवा डोळा गेलाय, डाव्यात कडेचं काही दिसत नाही. मी विचारलं, कधीपासून? डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवू नका, हे मी यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय."

म्हणजे लिलावात जीप घेतली त्याच्याही आधी.

बाहेर आलो.  बाबा चाचपत जीपला वळसा घालून गेले, डावीकडे बसले आणि म्हणाले, "चल. आई वाट बघत असेल."