गुरम्मा आत्या घरी आली

सोलापूर,
८ नोव्हेंबर १९७४

ती. दादास,
दाक्षायणीचा सप्रेम सलाम वि. वि.

मुख्य बातमी ही की मी गुरम्मा आत्याला घरी आणलं. तिच्या गावचा निंगप्पा नवी पेठेत भेटला, म्हणाला, म्हातारी एकटीच पडून आहे, पाणी द्यायलाही कोणी नाही. तिला मूल ना बाळ, आपण दोघं भाचरंच काय ती. दुसऱ्याच दिवशी जाऊन घेऊन आले.

आठवतं ना? अप्पांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून ती आपल्या घरचं पाणी प्यायली नाही. पण सुट्टीत आपण गेलो की ओसरीवर बसवून गरम भाकरी नि शेंगाची चटणी वाढायची. ताटं वेगळी, पण तेलाची धार आतल्यांपेक्षा जास्त. तू तर पोट दुखेपर्यंत खायचास!

आता जरा उठून बसते. पडवीत आपली चूल वेगळी मांडलीय, सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करते. मी काही बोलायच्या आतच सांगून मोकळी झाली की तुमचा देव तुमी बगा, माजा मी बगते की. चर्चच्या मंडळीतल्या बायका कुजबुजतात. कुजबुजू देत.

वहिनींना सलाम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी दाक्षा

अहमदनगर,
१७ नोव्हेंबर १९७४

चि. दाक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता मीही त्या ओसरीवर जाऊन आलो. तिच्या हातची भाकरी आठवली आणि मारही. पण बाई, तुझ्या यजमानांना मंडळीने पंचांत वडील म्हणून नेमलं आहे. त्यांच्याच घरात रोज लिंगपूजा? मी पाळक, लोक मला काय म्हणतील? तिला गावी ठेव, सोबतीला बाई पाहा, बाकीचं मी बघतो. देवाच्या कामाला मला आधी जपलं पाहिजे. राग मानू नकोस.

तुझा दादा

सोलापूर,
९ डिसेंबर १९७४

ती. दादास सलाम.

राग मानला. देवाला वाहिलं असं म्हणून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभूने कसं झापलं, हे दर रविवारी शब्बाथशाळेत तूच शिकवलंस. स्वतः क्रुसावर असताना त्याने आईची सोय लावली, तेही तूच सांगितलंस. आपल्या माणसांना सांभाळा म्हणताना त्यांचा बाप्तिस्मा झालाय का हे पाहा, असं कुठे लिहिलंय ते दाखव.

आत्या आता अंथरुणावरच आहे. शेजारच्या नीलम्मा तिच्या चुलीवर पेज करून देतात, मी अंग पुसते. काल माझा हात धरून विचारू लागली की आमच्या रीतीनं बसवून मला माती कोण देणार, तुमी तर किरिस्ताव. मी म्हटलं, दादा देईल. तर म्हणाली, मल्ल्याला त्याची मान्सं येऊ देतील व्हय?

याचं उत्तर तूच दे.

दाक्षा

अहमदनगर,
१४ डिसेंबर १९७४

चि. दाक्षास आशीर्वाद.

मंगळवारच्या गाडीने येतो. नाताळची उपासना दुसरे पाळक घेतील. इथल्या मंडळीच्या पंचांनी विचारलं, ऐन सणात असं काय काम? म्हटलं, माझी आत्या आजारी आहे. ती ख्रिस्ती आहे का, असंही एकाने विचारलं. नाही म्हणालो.

तिला सांग, माती तिच्याच रीतीने देईन, माझा शब्द आहे. पण ते पुढचं पुढे. आधी तिची कूस बदलायला, पाय चेपायला येतोय. शिव्या दिल्या तरी ऐकून घेईन.

बैठकीतून निघताना एकजण म्हणाला, यंदा नाताळला तुम्ही देवाच्या घरी नसणार. मला तसं वाटत नाही.

तुम्हा दोघींचा,
मल्लिकार्जुन